एंटर दाबण्याचा मुहूर्त

लॅपटॉपला हळदीकुंकू वाहायला माझी हरकत नव्हती. फक्त कीबोर्डवर नको, एवढंच मी म्हणाले, तर आगारप्रमुख पोतनीससाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चपला घालून देवघरातच शिरले होते. शेवटी तडजोड झाली. कुंकू झाकणाला लागलं, झाकणावर झेंडूचा हार चढला आणि हाराच्या वजनानं ते झाकण सारखं मिटायला लागलं. मग एका शिपायाला झाकण धरून उभं करण्यात आलं.

"कार्यक्रम दहाचा आहे, म्हणजे सभापती नानासाहेब साडेअकराला येतील," पोतनीस त्याला म्हणाले. "हात दुखला तर सांग, बदली माणूस देतो."

त्या शहराचं नाव मी सांगणार नाही. माझी आतेसासू तिथेच राहते आणि नानासाहेबांच्या घरी तिचं येणंजाणं आहे. नगर परिवहनानं तेव्हा नव्या लो-फ्लोअर बसगाड्या घेतल्या होत्या. अशा गाडीत इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, दारांचा एक असे बरेच छोटे संगणक असतात, आम्ही त्यांना डबे म्हणायचो. हे डबे एकाच तारेवरून दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. आमची पुण्याची कंपनी त्यांचं बोलणं ऐकायचं सॉफ्टवेअर विकायची. लॅपटॉप तारेला जोडायचा आणि कोणता डबा काय म्हणतोय ते पडद्यावर वाचायचं. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत पहिलाच नियम होता की आपण फक्त ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मी नोकरीत नवी होते, त्यामुळे हा नियम फक्त लॅपटॉपला लागू आहे असं मला वाटत होतं.

निघताना आमच्या देवस्थळी सरांनी तो मलाही लागू केला. गाड्या बनवणारी कंपनीसुद्धा आपलीच गिऱ्हाईक आहे, तेव्हा गाडीत दोष शोधत बसू नकोस, असं त्यांनी बजावलं. सॉफ्टवेअर सुरू कर, टाळ्या पडल्या की पेढा खा आणि परत ये.

पण सुरू करणं सोपं नव्हतं. मी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पोचले, आगाराच्या नव्या लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर भरलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर घातली, आणि आता एकदा चालवून बघावं म्हणून हात पुढे केला, तोच पोतनीस धापा टाकत गाडीत चढले. उद्घाटनाआधी तुम्हीच सुरू केलंत तर नानासाहेब काय सुरू करणार, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावलं की स्वयंपाक वाढण्याआधी चव घेऊन बघावी लागते.

"नैवेद्य कुणी चाखून बघतं का?" पोतनीस म्हणाले.

लॅपटॉप पुन्हा खोक्यात गेला आणि खोकं त्यांच्या केबिनच्या कपाटात.

मी ज्या गाडीला वायर जोडली होती ती साधीसुधी नव्हती. आगारात तिला दसऱ्याची गाडी म्हणत. नव्या गाड्यांचं लोकार्पण दसऱ्याला झालं, तेव्हा परिवहन समितीचे सभापती नानासाहेब हुलवळे यांनी हिच्यापुढे नारळ फोडला, आणि मग चालकाशेजारी पुढच्या काचेमागे उभे राहून, हात जोडून, ते शहरात निघाले. बाजार चौकापर्यंत सगळं झकास. चौकात गाडी थांबली ती थांबलीच. जागची हलेना. शेवटी कार्यकर्त्यांनी ती ढकलली, आणि काचेमागे हात जोडून उभे असलेले नानासाहेब ढकलगाडीतून पुढे सरकताहेत हे दृश्य स्थानिक वाहिनीनं आठवडाभर दाखवलं.

एवढं झाल्यावर गुन्हेगार सापडणं भागच होतं. चालकाच्या सीटशेजारी एक लाल बटण असतं, अडीअडचणीला गाडी जागेवर थांबवण्यासाठी. चालक हणमंत कारंडे यानं हेतुपुरस्सर ते बटण दाबून सभापतींची नाचक्की केली, असा आरोप ठेवून त्याला निलंबित केलं. आता चौकशीचा निकाल पुढच्या आठवड्यावर आला होता आणि तो काय लागणार हे आगारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

गंमत म्हणजे कारंडे गेला तरी गाडीचं थांबणं गेलं नाही. ती अधूनमधून कुठेतरी रुसून बसायचीच. मग आगारात ठरलं की हिला दर अमावास्येला दसऱ्यासारखाच नारळ द्यायचा. नारळ दिला तरी दुसऱ्या दिवशी ती थांबायचीच. म्हणून पुढच्या अमावास्येपासून दोन द्यायला लागले. दोन नारळांनंतर ती जास्तच थांबायला लागली. हे मला पोतनीसांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले की कारंडे जाताना गाडीत काहीतरी करून गेलाय. काय करून गेला ते कुणाला सापडत नव्हतं. ते शोधायला आता पुण्याहून मशीन आलं होतं, आणि कारंडेचं पाप मशीननं सगळ्यांसमोर उघडं पाडावं अशी खुद्द नानासाहेबांची इच्छा होती. म्हणून उद्घाटनाला हीच गाडी.

त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये कारंडे माझ्यासमोर येऊन बसला. पन्नाशीचा, इस्त्रीचा खाकी पोशाख, खिशावर बिल्ला. निलंबित माणूस गणवेशात कसा, असं मी विचारायच्या आत त्यानंच खुलासा केला, की सवय आहे, पायजमा घालून घरी बसलं की आजारी असल्यासारखं वाटतं. बोलायला लागला की तो थांबत नसे. गाडीबद्दल त्याची तीनचार मतं होती आणि सगळी चुकीची होती. गाडीला चौकातल्या सिग्नलची भीती बसली आहे, हे त्यातलं सर्वांत शहाणपणाचं. माझा चहा गार झाला तरी त्याचं चालूच होतं. मी उठले तेव्हा कुठे तो मुद्द्यावर आला.

"मॅडम, तुमचं मशीन सांगंल का, मी बटन दाबलं न्हाई म्हणून?"

मशीन ज्या क्षणी सुरू होतं तिथून पुढचंच ऐकतं, दसऱ्याचं त्याला काय ठाऊक, असं मी म्हणाले. खरं तेच सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"नोकरीचं जाऊ द्या," तो म्हणाला. "गल्लीतली पोरं मला बटन म्हणत्यात. बटन आला, बटन गेला. बायको भाजी आणायला गेली की तिला बटनवाली. एकदा कुणीतरी तोंडानं म्हनावं, कारंडेनं बटन दाबलं नव्हतं. मग काढा की नोकरीवरनं."

मला फार वाईट वाटलं. पण मला पेढा खाऊन परत जायचं होतं.

तर उद्घाटन. नानासाहेब खरोखरच साडेअकराला आले. सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले, माझ्या हातात कुणीतरी मोगऱ्याचा गजरा आणि एक डायरी दिली. मग सगळे गाडीपुढे गेले. नारळ फोडायला दगड आणायचा राहिला होता. दसऱ्यालाही राहिला होता म्हणे, कारण मांडववाल्याचा लाल गालिचा अंथरलेला असतो आणि त्यावर दगड ठेवायला तो देत नाही. नानासाहेबांनी तेव्हा केलं होतं तेच आताही केलं. गाडीच्या पुढच्या काचेखाली बंद पडलेली गाडी ओढायचा लोखंडी आकडा असतो, त्यावर एका फटक्यात नारळ फोडला आणि दोन्ही करवंट्यांतलं पाणी गाडीच्या तोंडावर ओतलं. टाळ्या पडल्या. समितीचे बाकीचे सदस्यही मागे राहणारे नव्हते, त्यांनीही एकेक फोडला.

मग नानासाहेबांनी अंगठ्यांनी भरलेल्या बोटानं एंटर दाबला.

पडदा लालभडक झाला. वरपासून खालपर्यंत चुकाच चुका. लोकांना तो रंग आवडला असावा, कारण टाळ्यांचा कडकडाट झाला. झालं होतं एवढंच की तारेवरच्या बोलण्याचा वेग आधी सॉफ्टवेअरला सांगावा लागतो. तो चुकला तर शब्दच लागत नाहीत. आधी चालवून बघू दिलं असतं तर मी तो लावून ठेवला असता. मी घाईघाईनं वेग बदलला. लाल रंग गेला आणि पांढऱ्या पडद्यावर शहाण्यासारख्या काळ्या ओळी वाहायला लागल्या. या वेळी टाळ्या अगदीच तुरळक पडल्या. पोतनीस माझ्या कानाशी येऊन म्हणाले, मघाचं जास्त चांगलं होतं.

नानासाहेबांनी विचारलं की यात कारंडे कुठे आहे. मी म्हटलं, आधी गाडी चालवून बघू या. आगाराच्या आवारातच फेरी मारायचं ठरलं. बदली चालक बसला, नानासाहेब पुढे बसले, वाहिनीचा कॅमेरावाला त्यांच्यासमोर आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली मी त्यांच्याच मागच्या सीटवर. गाडी वर्कशॉपला वळसा घालून आली, पंपापाशी खड्ड्यात आपटली आणि थांबली. चालकानं दोन्ही हात वर केले. आपण कशालाच हात लावलेला नाही हे त्याला कॅमेऱ्याला दाखवायचं होतं.

मी पडद्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते मला ताबडतोब कळलं. या गाडीची रीत अशी की पुढच्या दाराच्या डब्यानं 'दार बंद आहे, दार बंद आहे' असा सारखा जप करायचा. तो गप्प झाला, की दार उघडं असेल या भीतीनं गाडी जागची हलायचीच नाही. आणि दाराचा डबा गप्प झाला होता. बाकी सगळे बोलत होते. लाल बटणाची ओळ शून्यावर होती, एंटर दाबल्यापासून तशीच.

देवस्थळी सर आठवले. तरीही मी म्हटलं, "बटण कुणी दाबलेलं नाही. दाराचा डबा बंद पडलाय. गाडीचं पुढचं झाकण उघडायला लागेल."

मुलाणी नावाचा फिटर होता, त्यानं काचेखालचा पत्रा उघडला. आत दाराच्या डब्याची जोडणी होती. तिच्यावर कुंकवाचं थारोळं, चिकट पाणी, सुकलेल्या खोबऱ्याचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. काही जुन्या, काळ्या पडलेल्या, काही आत्ताच्या, ओल्या. मुलाणी शहाणा माणूस. हे काय आहे ते त्यानं सांगितलं नाही. नुसतं हातावर घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

दसऱ्याला चौकात गाडी का थांबली, अमावास्येनंतर का थांबते, दोन नारळांनी जास्त का थांबते, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे नानासाहेबांना कळू नये म्हणून प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. पोतनीस आकाशात बघत होते.

नानासाहेबांनी पुष्कळ निवडणुका पाहिल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "दसऱ्याचा नारळ आणला कुणी होता?"

पोतनीसांच्या जिवात जीव आला. गाडीचा नारळ गाडीच्या चालकानंच आणायचा अशी आगाराची पद्धत होती. कॅन्टीनमध्ये बसलेल्या कारंडेला बोलावणं गेलं. तो आला, आणि नारळ कसा होता असं विचारल्यावर त्याची छातीच फुगली.

"एक नंबर, साहेब. धा नारळ कानाशी हलवून बघितलं, त्यातला निवडला. पान्यानं गच्च भरलेला."

"म्हणजे जास्त पाण्याचा नारळ यानंच आणला," पोतनीस म्हणाले. बटणाच्या जागी नारळ आला, माणूस तोच राहिला. सदस्यांनी माना डोलावल्या. एक जण तर, पाण्याचं प्रमाण तपासण्याची जबाबदारी चालकाचीच, असंही बोलून गेला. कारंडे एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होता. चांगला नारळ आणणं हा गुन्हा कधीपासून झाला ते त्याला उमगत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. रागावून उपयोग नाही हे कळण्याइतकी मी तेव्हाही शहाणी होते. मी नानासाहेबांच्या जवळ गेले आणि अगदी आदरानं म्हणाले, "साहेब, एक सांगू? या झाकणाला रबरच नाहीये. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी इथूनच आत गेलं असतं. भरली गाडी एखाद्या रेल्वे फाटकात अडकून पडली असती. तुमच्या नारळानं ते आधीच दाखवून दिलं."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. रबर खरंच नव्हतं, गाडी बनवणाऱ्यांनी ते वाचवलं होतं. या वाक्यानं माझी ती नोकरी गेली, पण ते पुढच्या महिन्यात.

नानासाहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढलं. ते कॅमेऱ्याकडे वळले आणि बोलायला लागले. श्रद्धा आणि विज्ञान ही दोन चाकं आहेत. आपण दसऱ्याला श्रीफळ वाढवलं, त्यातून ईश्वरानं संकेत दिला, आज यंत्रानं त्याचा अर्थ लावला, आणि हजारो प्रवाशांचे प्राण वाचले. वाहिनी हे थेट दाखवत होती, तशी व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती. मग त्यांनी कारंडेला जवळ ओढला, आपल्या गळ्यातली शाल त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "कारंडे आमच्या घरातलाच माणूस. झालं गेलं विसरून आम्ही त्याला मोठ्या मनानं माफ केलं आहे. आजपासून तो कामावर हजर."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सुटला एकदाचा, असं वाटून मला मनापासून आनंद झाला होता. कारंडे तेवढा टाळ्या वाजवत नव्हता.

"माफ कशाबद्दल?" त्यानं पोतनीसांना विचारलं.

पोतनीस त्याला म्हणाले, गाडीत बस.

मुलाणीनं जोडणी पुसून, वाळवून, वर प्लास्टिक बांधलं. आता खरी विजयी फेरी निघायची होती, आगारातून थेट बाजार चौकात. नानासाहेब पुढच्या सीटवर बसले, समोर कॅमेरा, मागे समितीचे सदस्य आणि पोतनीस. पडदाही चित्रात यावा म्हणून मला लॅपटॉप मांडीवर कॅमेऱ्याकडे तिरका धरायला लावला होता. कारंडेनं शालीची घडी करून बाजूला ठेवली आणि गाडी काढली. चालवायचा मात्र छान. खड्डा आला तरी पोटातलं पाणी हललं नाही. सगळे डबे पडद्यावर गुण्यागोविंदानं बोलत होते.

फाटकाशी पुढची चाकं रस्त्याला लागली, आणि गाडी हिसका देऊन थांबली. पोतनीस पुढच्या दांड्यावर आदळले.

नानासाहेबांनी मागे वळून मला विचारलं, "काय हो मॅडम, पुन्हा पाणी?"

दाराचा डबा बोलत होता. इतरही बोलत होते. फक्त एंटर दाबल्यापासून शून्यावर असलेली ती एक ओळ आता एकवर गेली होती.

कारंडे सीटवरून वळला. त्याचा पंजा लाल बटणावर होता.

"पानी न्हाई, साहेब. आता दाबलंय मी. बघून घ्या. हे असं असतंय दाबलेलं. त्या दिवशी दाबलं नव्हतं."

रस्त्यावर रिक्षा खोळंबल्या आणि त्यांचे भोंगे सुरू झाले. पोतनीस खालच्या आवाजात त्याला म्हणत होते की हातातोंडाशी आलेली नोकरी घालवू नकोस, बटण सोड.

"साहेब माफ केलं म्हनाले," कारंडे म्हणाला. "ते परत घ्यायचं. मग सोडतो."

नानासाहेबांनी आधी हसून बघितलं. मग त्यांनी कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं, तो चालूच होता. मग माझ्या मांडीवरच्या पडद्याकडे. शेवटी ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं. नव्हतं दाबलं त्यानं."

"माझ्याकडं बघून," कारंडे म्हणाला.

शहरातले सगळे दूरचित्रवाणी संच तेव्हा चालू असावेत असं मला वाटलं. निदान कारंडेच्या गल्लीतले तरी असावेत, अशी माझी फार इच्छा होती. नानासाहेबांनी मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कारंडे, त्या दिवशी तू बटण दाबलं नव्हतंस," ते म्हणाले.

कारंडेनं मान हलवली आणि बटण सोडलं. गाडी पुन्हा सुरू केली, आरशात पाहिलं, खोळंबलेल्या रिक्षांना आधी जाऊ दिलं, आणि मग हात दाखवून गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.